चिकाची भांडी

माझ्या थोरल्या नणंदेला मी नेमकं काय काम करते हे बरीच वर्षं ठाऊक नव्हतं. ‘लॅबमध्ये आहे’ एवढ्यावर अक्कांचं समाधान होतं. लॅब म्हणजे रक्त-लघवी तपासतात ती, असा त्यांचा समज होता आणि तो मी मोडला नव्हता. मग एका साखरपुड्यात कुणीतरी विचारलं आणि माझ्या नवऱ्याने मोठ्या कौतुकाने सांगून टाकलं, की ही मेलेल्या कुत्र्यामांजरांची, गुराढोरांची डोकी तपासते. त्या दिवसापासून अक्का माझ्या हातचा चहा घेईनात. ‘आत्ताच झालाय गं’ म्हणायच्या. आत्ताच म्हणजे केव्हा, ते मी कधी विचारलं नाही.

राग येत नव्हता असं मी म्हणणार नाही. यायचा. मी मुळात तापट बाई आहे, ऑफिसातली मंडळी माझ्यासमोर सांभाळून बोलायची. पण या कामाने मला जे दिलं ते अक्कांच्या चहापेक्षा पुष्कळ मोठं आहे, आणि निवृत्तीनंतर कुणीतरी दिवाळी अंकासाठी चार पानं लिहा म्हणाल्यावर पहिल्यांदा आठवलं तेही खाण्यापिण्याचंच. कोण कुणाच्या हातचं घेतं आणि कोण घेत नाही, याचंच.

त्याआधी बाबांचं सांगायला हवं, कारण माझ्या नोकरीला पहिला विरोध त्यांचा. आमचं मूळ गाव घाटावरचं. गावात मेलेलं जनावर ओढून न्यायचं काम आमच्या आजोबांच्या माथी मारलेलं होतं. आजोबांच्या पिढीने धम्म घेतला आणि ते काम टाकून दिलं. गावाने त्याबद्दल जो त्रास दिला तो सोसला. बाबा अंबरनाथला आले, एका कारखान्यात फिटर झाले, मला बीएस्सी केलं. आणि मी काय केलं, तर मेलेल्या जनावरांचं काम हौसेने पत्करलं. ऑर्डर हातात घेऊन पेढे द्यायला गेले तेव्हा बाबा पेढा हातातच धरून बसले. म्हणाले, “आज्यानं जे हातातून टाकलं, ते तू पगार घेऊन उचललंस.”

मी म्हटलं, “बाबा, आजोबा जनावर ओढायचे. मी त्याच्या मेंदूत काय आहे ते बघणार.”

“आज्याला गाव बोलवायचं, तुला साहेब बोलवतील. जनावर तेच.” एवढं बोलून त्यांनी पेपर उघडला. तो विषय आमच्या घरात पुन्हा निघाला नाही, पण मिटलाही नाही.

आता काम काय ते सांगते. माणसालाही होतात आणि जनावरालाही होतात, अशा विषाणूंवर संशोधन करणाऱ्या एका तुकडीत मी तंत्रज्ञ होते. आमची लॅब उल्हासनगरात, खाली पडद्याच्या कापडांची दुकानं आणि वर आम्ही. वटवाघळांच्या झाडाखाली प्लास्टिक अंथरून मी त्यांच्या लघवीची वाट पाहत बसले आहे, कोंबड्यांच्या घशात कापसाची काडी घातली आहे. पण माझं मुख्य खातं रेबीजचं. पिसाळलेल्या जनावराचा रोग तो हाच.

हा विषाणू लाळेतून जखमेत शिरतो आणि रक्तातून न जाता नसांच्या वाटेने मेंदूकडे चालू लागतो. सावकाश चालतो, कधी आठवडे, कधी महिने. तो चालत असतो तेवढीच माणसाला सवड. त्या सवडीत लस घेतली तर माणूस वाचतो. एकदा का तो मेंदूत पोचला, आजाराची लक्षणं दिसली, की डॉक्टरांच्या हातात जवळजवळ काही उरत नाही. आणि जनावर पिसाळलेलं होतं की नाही हे खात्रीने कळतं ते त्याच्या मेंदूतच, तेही मेल्यावर. म्हणून आम्हाला डोकं लागायचं. पूर्वी कवटी फोडावी लागे. नंतर मानेच्या मागून, कवटीला जिथे भोक असतं तिथून, साधी सरबताची असते तशी नळी आत सारून मेंदूचा तुकडा काढायची पद्धत आली. तो काचेवर घ्यायचा, त्यावर विषाणूलाच चिकटणारा रंग टाकायचा आणि खास सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. विषाणू असला तर काळोखात हिरवे मूग सांडल्यासारखे ठिपके चमकतात. दिसायला इतकं सुंदर, की पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी ‘वा’ म्हणाले होते आणि मग स्वतःचीच लाज वाटली होती.

गिऱ्हाइकं एकेक. उल्हासनगरची एक सिंधी आंटी आपला मेलेला पॉमेरियन शालीत गुंडाळून घेऊन आली. त्याने जाण्याआधी तिच्या सुनेला बोचकारलं होतं. मी कुत्रा हातात घेतला तेव्हा तिने माझं मनगट धरलं आणि विचारलं, “बेटा, इसको दर्द तो नहीं होगा ना?” मेलेल्या कुत्र्याला काय दुखणार, असं सांगायला तोंड उघडलं होतं, पण म्हटलं, “नहीं आंटी, मैं धीरे से करूंगी.” आणि खरोखरच हळू केलं. रिपोर्ट निगेटिव्ह आला. त्यानंतर दर दिवाळीला तिच्याकडून मिठाई यायची आणि ऑफिसात सगळे ती खायचे.

सगळेच असे सुटले नाहीत. शहाडच्या एका माणसाला गल्लीतलं पिल्लू चावलं होतं. पिल्लूच तर आहे, म्हणून त्याने हळद लावली आणि कामावर गेला. आमच्याकडे त्या पिल्लाच्या आईचं डोकं आलं तेव्हा त्याला पाण्याचा ग्लास तोंडाशी नेता येत नव्हता. मी त्याला भेटले नाही, फक्त काचेवरचे हिरवे ठिपके पाहिले. त्याची बायको रिपोर्टाची प्रत न्यायला आली होती. तिला मी खुर्ची दिली, आणखी काही देण्यासारखं माझ्याजवळ नव्हतं. पुढे सोनिवलीत मी जो तमाशा केला, तो या बाईमुळे.

सोनिवली बदलापूरजवळ. जुनं गाव आहे तिथेच आहे आणि त्याला लागून नव्या इमारती उठल्या आहेत. गावाच्या टोकाला बाळारामदादांचा गोठा, आणि कंपाउंडच्या भिंतीपलीकडे सोसायटी. बाळारामदादांची बायको हिराबाई रोज सकाळी सोसायटीत दूध घालायची. चार-सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. त्यांची म्हैस व्यायली, पारडी झाली. पहिल्या दिवसांचं ते घट्ट पिवळसर दूध, म्हणजे चीक, हिराबाईच्या घरात विकत नाहीत, वाटतात. तिने तो सोसायटीतल्या तिच्या सगळ्या गिऱ्हाइकांच्या घरी पोचवला, घरच्याच भांड्यांतून. लोकांनी गूळ-वेलची घालून वाफवला, खरवस केला, नातवंडांना खाऊ घातला. कुणी फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकले.

आणि मग म्हैस बिघडली. खाईना, पाण्याला तोंड लावीना, तोंडातून लाळेच्या तारा, आवाज घोगरा होऊन सारखी हंबरायची. अशा म्हशीला पाहून कुणालाही एकच वाटतं, घशात काहीतरी अडकलंय. दिवस आंब्याचे. बाळारामदादांना वाटलं, कोय अडकली. त्यांनी जीभ बाजूला ओढली आणि हात कोपरापर्यंत तिच्या घशात घातला. एकदा नव्हे, सापडेना म्हणून पुन्हा पुन्हा. दाढा लागून हात खरचटला. आधीच बोटांना गवत कापताना विळ्याने चिरलेलं. कोय सापडली नाही, कारण कोय नव्हतीच. गिळायच्या नसाच बंद पडल्या होत्या. गुराढोरांत हा रोग असाच फसवतो, आणि जो सगळ्यात जास्त माया करतो तोच हात घालतो.

म्हैस गेली. सरकारी पशुवैद्य येऊन पाहून गेले, त्यांना शंका आली आणि त्यांनी आमच्या प्रमुख डॉ. अनघांना फोन केला. मी पेटी, बर्फ आणि नळ्या घेऊन निघाले. गोठ्याजवळ गर्दी होती, सगळे नाकाला रुमाल लावून लांब उभे. मी पांढरा झगा चढवत असताना एका पोक्त गृहस्थाने गाव विचारलं, मग आडनाव. मी सांगितलं. तो “अच्छा” म्हणाला. त्या ‘अच्छा’चा अर्थ मला शाळेपासून कळतो. क्षणभर बाबांचा चेहरा समोर आला, हातात तो पेढा धरलेला.

बाळारामदादा मात्र जवळ आले. सडपातळ माणूस, डोळे सुजलेले. म्हणाले, “बाई, तिचं डोकं तोडू नका. माझ्या हातावर वाढली ती.” मी त्यांना नळी दाखवली. एवढंच करणार, तिला आहे तशीच पुरा, चुना टाकून खोल पुरा, असं सांगितलं. ते माझ्याशेजारी उभे राहिले, मागे सरा म्हटलं तर हातभर मागे सरले. काम झाल्यावर मी त्यांचा हात पाहिला. विचारलं, तर कोयीची गोष्ट सांगितली. तिथल्या तिथे हापशावर नेऊन साबणाने हात धुवायला लावला, कितीतरी वेळ धुवायला लावला, आणि म्हटलं, रिपोर्टची वाट पाहायची नाही, आजच सरकारी दवाखान्यात जा. ते हो हो म्हणाले. मी पेटी घेऊन लॅबला आले, आणि दुसऱ्या दिवशी काचेवर मूग सांडलेले दिसले.

रिपोर्ट कळवायला आणि दादांनी लस घेतली की नाही ते बघायला मीच पुन्हा सोनिवलीला गेले, आरोग्य केंद्रातल्या सिस्टर बरोबर होत्या. आमच्याआधी बातमी पोचली होती. सोसायटीच्या ग्रुपवर ‘पिसाळलेल्या म्हशीचं दूध मुलांना पाजलं’ असं फिरत होतं. निम्मी सोसायटी लस घ्यायला दवाखान्यात रांगेत जाऊन उभी होती, उरलेली गेटवर ओरडत होती. आणि कंपाउंडच्या भिंतीवर, गोठ्याच्या बाजूला, ओळीने भांडी मांडून ठेवली होती. स्टीलचे डबे, एक कान तुटका टोप, दोन तांबे, एक बरणी. हिराबाईची चिकाची भांडी. सगळी रिकामी.

बाहेरच्याला यात काय आहे ते कळायचं नाही. आमच्याकडे शेजाऱ्याचं भांडं कधी रिकामं परत करत नाहीत. चार दाणे तांदूळ, चिमूटभर साखर, काहीतरी घालून द्यायचं. चिकाचं भांडं तर नाहीच नाही, ते रिकामं गेलं तर समोरच्याचा गोठा रिकामा होवो असं म्हटल्यासारखं असतं. आणि इथे तर कुणी हातातही दिलं नव्हतं, भिंतीवर ठेवून माणसं निघून गेली होती.

हिराबाई भिंतीशी उभी होती. सिस्टरांना हवं होतं, चीक कुणाकुणाकडे गेला, म्हणजे प्रत्येकाला गाठून विचारता येईल, कुणी कच्चा तोंडात घातला नाही ना. हिराबाईला सोसायटीतली आडनावं येत नव्हती. पण ती एकेक भांडं उचलून सांगत गेली. हा डबा गॅलरीत तुळस आहे त्यांच्याकडे गेलेला. हा टोप जुळ्या पोरांच्या आईचा. ही बरणी लिफ्टशेजारच्या आजोबांची. सांगताना पदराने भांडं पुसत होती, आतून. शेवटी म्हणाली, “गडू नाय आला. सासूबाईंचा पितली गडू. फेकला आसंल त्यांनी.” आणि मग रडली.

बाळारामदादा गोठ्यात पारडीला बाटलीने दूध पाजत बसले होते. तिलाही पशुवैद्यांनी लस टोचून वेगळी बांधली होती. दादा दवाखान्यात गेलेच नव्हते. मी म्हटलं, दादा, रिपोर्ट पॉझिटिव्ह आहे, उठा, आत्ता चला. ते उठेनात. आता पोटात सुया देत नाहीत, दंडावर देतात, हे सांगून पाहिलं. त्यांना सुयांची भीती नव्हती.

“मी सुई घेतली म्हंजे मी कबूल केलं,” ते म्हणाले. “की हाय, मी वीख वाटलं. त्यांच्या पोरांना वीख घातलं. मना ठावं असतं तर मी घातला असता का हात?”

मी म्हटलं, कुणी काही म्हणू दे, तुमचा जीव जाईल. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, “भांडी बगितलीत न भितीवरची? आता जिवाचं काय घेऊन बसलात.”

मी पुष्कळ बोलले. रागावले, समजावलं, हात जोडले. शहाडच्या माणसाचं सांगितलं. हिराबाई पाया पडली त्यांच्या. ते पारडीच्या गळ्याखाली खाजवत बसून राहिले, त्याच चिरलेल्या हाताने. मला दिसत होतं, त्या हातातून तो विषाणू चालायला लागलाही असेल, आणि हा माणूस मानापायी त्याला वाट देत बसला आहे. आमच्याकडे लस होती, सवड होती, सगळं होतं. एवढं असून माणूस गेला असता.

मग मी सोसायटीत शिरले. मला कुणी बोलावलं नव्हतं आणि हे माझं कामही नव्हतं. पण डोकं फिरलं होतं. गेटवर सगळ्यात मोठा आवाज सावंतकाकूंचा होता. त्यांचे मिस्टर अंबरनाथच्या कंपनीतून ऑफिसर म्हणून निवृत्त झालेले, मुलगा-सून नोकरीवर, नातू काकूंच्या ताब्यात. ‘पोलिसात द्या त्यांना’ असं त्याच म्हणाल्या होत्या. मी त्यांच्यामागोमाग जिना चढले आणि दारातच सुरू केलं. खरवस वाफवलेला होता ना? मग तुमच्या नातवाला काहीही होणार नाही. इतक्या आचेत हा विषाणू टिकत नाही. आणि ज्याला होणार आहे तो खाली गोठ्यात बसलाय, तुम्ही सगळ्यांनी मिळून त्याला...

पुढचं बोलले नाही, कारण स्वयंपाकघर दारातून दिसत होतं. ओट्यावर, सिंकच्या बाजूला, पितळी गडू पालथा घातलेला. चिंचेने घासून लखलखीत केलेला.

काकूंनी माझी नजर पाहिली. त्यांचा आवाज एकदम उतरला. म्हणाल्या, “सगळ्यांनी भिंतीवर ठेवली. मीही घेऊन निघाले होते. पण रिकामा कसा ठेवायचा, म्हणून राहिला.”

त्या मूळच्या देवगडकडच्या. लहानपणी त्यांच्याही घरी गुरं होती. ओरडताना ओरडल्या, नातवाच्या काळजीने ओरडल्या, पण हात भिंतीपर्यंत गेला नाही. मी खुर्चीत बसले. मग मी त्यांना दादांचा हात आणि ती कोय, सगळं पहिल्यापासून सांगितलं. म्हटलं, काकू, ते माझ्या सांगण्याने उठत नाहीत, डॉक्टरांच्याही उठणार नाहीत. त्यांना वाटतंय सुई घेतली तर तुमच्या नातवाला विष घातल्याचं कबूल केल्यासारखं होईल.

काकू उठल्या, डब्यातून तांदूळ काढले, गडू काठोकाठ भरला, वर साखरेची मूठ ठेवली आणि पायांत चपला सरकवून जिना उतरल्या. मी मागे. गेटवर जमलेल्या बायका बाजूला झाल्या. कुणीतरी “सावंतकाकू, हे काय?” म्हणालं, त्यांनी मान वळवली नाही. गोठ्यात शिरून त्या बाळारामदादांपुढे उभ्या राहिल्या आणि दोन्ही हातांनी गडू पुढे केला.

“दादा, खरवस आमच्याकडे सगळ्यांनी खाल्ला. नातवाने दोनदा मागून घेतला. चांगला झाला होता,” त्या म्हणाल्या. “आता तुम्ही सुई घेऊन या.”

बाळारामदादा उभे राहिले. हात सदऱ्याला पुसले आणि गडू घेतला. त्यात बघत राहिले. हिराबाई पुढे आली तर तिच्या हातात दिला नाही, स्वतःच आत नेऊन ठेवला. मग बाहेर येऊन मला म्हणाले, “चला बाई.”

सावंतकाकांनी गाडी काढली. दादांना सीटवर बसायचा संकोच, कपड्यांना शेणाचा वास म्हणून. काकूंनी त्यांना दम देऊन बसवलं. दवाखान्यात रांगेत सोसायटीतलेच लोक होते. सिस्टरांनी सगळ्यांसमोर समजावलं की वाफवलेला खरवस खाणाऱ्यांना लसीची गरज नाही, आणि दादांना पुढे घेतलं. जखमेत औषध भरलं, दंडावर लस दिली. बाकीच्या सुया कधी घ्यायच्या ते सांगितलं, आणि त्या त्यांनी एकही न चुकवता घेतल्या. काकू फोन करून विचारत होत्या, मीही विचारत होते. दादा शेवटी वैतागून म्हणाले, “तुमी दोगी म्हंजे म्हशीपरीस वाईट, सारख्या हंबरताव.” तेव्हा मला कळलं, माणूस वाचला.

लिहिताना मोह होतो की लिहावं, नंतर सगळी सोसायटी तांदूळ घेऊन आली. नाही आली. पाच-सहा बायका आल्या, आपापल्या वाट्यांत साखर घेऊन, ओशाळून. काही घरांनी दूध बंद केलं ते कायमचं. एकाने तर पिशवीचं दूध किती शुद्ध असतं यावर ग्रुपवर लांबलचक लिहिलं. हिराबाई म्हणाली, नसूं देत, आले ते आले.

आमच्या लॅबमध्ये त्या म्हशीच्या विषाणूची पुढे तपासणी झाली. विषाणूचीही कुळी काढता येते आता, कोणत्या विषाणूचं कोणाशी नातं आहे ते कळतं. डॉ. अनघांच्या हाताखालच्या मुली दिवसचे दिवस संगणकापुढे बसून तेच करतात. या म्हशीचा विषाणू चामटोलीकडे मेलेल्या एका भटक्या कुत्र्याच्या विषाणूशी जुळला. म्हैस त्या बाजूला चरायला जायची. मग त्या पट्ट्यातल्या कुत्र्यांना लस टोचायची मोहीम निघाली, जाळी घेऊन मीही धावले, गुडघे दुखत असताना. सभेत डॉ. अनघा म्हणाल्या, विषाणूला माणूस कोण, जनावर कोण, जात कोणती, काही कळत नाही, तो मिळेल त्या वाटेने जातो, म्हणून आपल्यालाही सगळ्यांनी एका टेबलाशी बसावं लागतं. पशुवैद्य, माणसांचे डॉक्टर, आम्ही लॅबवाले, सगळे तेव्हा खरोखर एका टेबलाशी बसलो होतो, आणि समोसे होते. मला त्या टेबलाशी जागा मिळाली, याबद्दल मी आयुष्यभर ऋणी राहीन.

त्यानंतर मी निवृत्त झाले. बाबा आता बदलापूरला आमच्याकडेच असतात. थकले आहेत, पण कान शाबूत. गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी बेल वाजली. दारात हिराबाई आणि बाळारामदादा, रिक्षा करून आलेले. ती पारडी जगली, वाढली, आणि पहिल्यांदा व्यायली होती. हिराबाईच्या हातात तोच पितळी गडू, वर केळीचं पान बांधलेलं.

“पयला चीक तुमचा,” ती म्हणाली आणि सरळ स्वयंपाकघरात येऊन ओट्यापाशी उभी राहिली. दादांनी उजवा हात पुढे करून मला दाखवला, बोटं उघडून मिटून. अक्का नेमक्या त्या दिवशी आमच्याकडे मुक्कामाला होत्या, त्या चष्मा पुसत सगळं बघत होत्या.

बाबा काठी टेकत आत आले. हे लोक कोण, ते मी त्यांना सांगितलं. बाबा गडूकडे बघत राहिले. घाटावरच्या त्या गावात आमच्या घरी चीक कधी आला नव्हता. आला असता तर उंबऱ्याबाहेर, वरून ओंजळीत ओतलेला आला असता, अंगाला अंग लागू नये म्हणून. मी चीक पातेल्यात काढून घेतला आणि गडू विसळायला गेले, तर बाबांनी तो माझ्या हातातून घेतला. स्वतः विसळला, पंच्याने पुसला. म्हणाले, “तांदळाचा डबा काढ.”

त्यांनी मूठ मूठ करून गडू भरला. थोडे तांदूळ ओट्यावर सांडले. मी मदतीला गेले तर कोपराने बाजूला सारलं. भरलेला गडू त्यांनी हिराबाईच्या हातात दिला, हाताला हात लावून, आणि तिने तो कपाळाला लावला.

ती दोघं गेल्यावर बाबा खुर्चीत बसले. म्हणाले, “तू केलंस ते काम चांगलं होतं.” मग पेपर उघडला आणि पेपराआडून सांगितलं, “खरवसात वेलची जास्त घाल. अक्कालाही दे.”

अक्कांनी दोन वड्या खाल्ल्या, माझ्या हातच्या.